टाचणीबाईंची कुस्ती कंपनी

टाचणीबाईंना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शनिवारच्या कुस्तीत कोण हरणार, हे त्यांना सोमवारीच कळलेलं असायचं.

कारण सोपं होतं. त्या जिथे कपडे शिवायला होत्या, ती नाटकी कुस्त्यांची कंपनी होती. मल्ल खरेच दणकट, आपटाआपटीही खरी, फक्त निकाल तेवढा मालकांच्या डायरीत आधीच लिहिलेला असायचा. सोमवारी मालक शिवणखोलीच्या दारात उभे राहून सांगत, "बाई, वज्रबाहूचा झगा पक्का ठेवा. समोरच्याला कच्ची टीप." कच्ची टीप म्हणजे लांब टाके, जुना दोरा. एक हिसका बसला की अख्खी बाही वज्रबाहूच्या हातात आणि लोक खुर्चीवर उभे. ज्याच्या कपड्याला कच्ची टीप, तो शनिवारी आडवा. इतकं साधं गणित.

ही गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत होती. त्यामुळे किराणा दुकानदार साखर बांधता बांधता विचारायचा, शेजारीण कपडे वाळत घालताना विचारायची. बाईंनी त्यावर एक उपाय काढला होता. शिवताना ओठांत टाचण्या धरायची सवय होतीच. त्या बाहेर जातानाही दोन टाचण्या ओठांत ठेवून जायच्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. कोणी फार खोदून विचारलं तर बाई बोटाने ओठांकडे दाखवत आणि साखर घेऊन चालू लागत. मल्लांनी त्यांना टाचणीबाई नाव ठेवलं ते यामुळे. आणि क्वचित टाचण्या काढून बोलल्या, तर जे बोलत तेही टोचायचंच. त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं आणि तिथेच सुखरूप होतं.

कंपनीतला सर्वांत दुष्ट मल्ल म्हणजे कर्दनकाळ. काळा मुखवटा, तोंडाभोवती लाल टाके, मागून येऊन गळा धरण्यात पटाईत. लोक त्याला शिव्या घालायलाच तिकीट काढायचे. हा कर्दनकाळ आठवड्याचे सहा दिवस लहान मुलांच्या इस्पितळात कंपाउंडर होता. हे मालकांना ठाऊक होतं आणि बाईंना. बाकी कोणाला नाही.

एका वर्षी मालकांनी ठरवलं, हंगामातल्या शेवटच्या कुस्तीत वज्रबाहू कर्दनकाळाचा मुखवटा ओढून काढणार. सोमवारी निरोप आला: मुखवट्याला कच्ची टीप. बुधवारी कर्दनकाळ मापं द्यायला आला आणि उभा राहिला तो नेहमीपेक्षा आखडून.

"बाई, एक सांगू?"

"हात वर."

"मुखवटा निघाला ना, तर वॉर्डातली पोरं माझ्याकडून सुई टोचून घेणार नाहीत. परवा एक पोरगी रडत होती. मला विचारलं, काका, शनिवारी कर्दनकाळ हरेल ना? मी म्हटलं, हरणारच. तेव्हा कुठे तिने दंड पुढे केला."

"मान सरळ," बाई म्हणाल्या आणि टेप गुंडाळून ठेवला.

त्या दुपारी बाईंनी चपला शिवायचा मेण लावलेला दोरा आणला. मुखवट्याला एकावर एक तीन पक्क्या टिपा मारल्या. मागचा पट्टा कॉलरखाली नेऊन अंगातल्या कपड्यालाच शिवून टाकला. आता मुखवटा काढायचा तर सोबत कर्दनकाळही काढावा लागणार होता.

शनिवारी, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, वज्रबाहूने ठरल्या वेळी मुखवट्याला हात घातला आणि ओढला. काही झालं नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढला. मग पाय लावून ओढला. हे अकरा मिनिटं चाललं. आधी लोक ओरडत होते, मग हसायला लागले, शेवटी शेवटी तर हिसके मोजायला लागले. वज्रबाहू धापा टाकत दोरांवर टेकला तो उठलाच नाही, आणि गोंधळलेल्या रेफरीने काय करावं न सुचून आकडे म्हटले. कर्दनकाळ विजेता झाला. त्यालाच सर्वांत जास्त धक्का बसला असावा, पण मुखवट्यामुळे तो दिसला नाही.

मालक तणतणत शिवणखोलीत आले. "कच्ची सांगितली होती ना मी?"

बाईंच्या ओठांत पाच टाचण्या होत्या. त्यांनी बोटाने दाखवल्या. मालक बराच वेळ उभे राहिले. बाई टाचण्या काढेनात. शेवटी मालकच गेले, आणि पुढच्या हंगामाची तिकिटं दोन दिवसांत संपल्यावर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कंपनी त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली. बुडाली ती मालकांच्या हौसेपायी. त्यांनी स्वतःचं सभागृह बांधलं आणि त्यात फिरती रिंग बसवली. ती रिंग पहिल्याच दिवशी अर्धी फिरली आणि तिरकी होऊन अडकली. चार महिने मल्ल चढावर कुस्ती खेळले. मग लोक यायचे थांबले, पगार थांबले, आणि एका सकाळी बाई कामावर गेल्या तर शिवणखोलीसकट अख्ख्या गोदामाला सील.

गोदामाचं बाईंना काही नव्हतं. पण आत त्यांचं मशीन होतं. चामडं शिवायचं, ओतीव लोखंडाचं, त्यांच्या स्वतःच्या पैशाचं. घरी ठेवायला जागा नव्हती म्हणून कंपनीत ठेवलेलं. ते मशीन दुसऱ्या कोणाच्या पायाखाली गेलं तर तीन टाक्यांनंतर रुसायचं, इतकं त्यांच्या सवयीचं झालेलं.

दिवाळखोरीचं काम बघणारे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, फक्त मशीन दिलं नाही.

"पावती आहे का?"

"सत्तावीस वर्षांपूर्वीची? दुकानदारही नाही आता."

"मग ते कंपनीचंच धरावं लागतं." त्यांनी यादी पुढे सरकवली. "हे बघा. लॉट चार. व्हिडिओ कॅसेटींचा संग्रह, त्यावरचे सर्व हक्क, पात्रांची नावं, मुखवटे, आणि इतर."

"यात मशीन कुठेय?"

"इतर मध्ये."

बाईंना सत्तावीस वर्षांत कोणी इतर म्हटलं नव्हतं. मशीनलाही नाही. "म्हणजे मशीन हवं असेल तर हे सगळं घ्यायचं?"

"लिलावात. बोली लावून. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, एका चॅनलचा माणूस लॉट चारची चौकशी करून गेलाय. सोमवारी पाहणी आहे, तो येणार आहे."

बाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पाहणीला कोणीही येऊ शकतं ना?"

"कोणीही."

"मग मी जरा लवकर येईन. कॅसेटींवर धूळ फार असेल."

अधिकाऱ्यांनी वर आभार मानले.

सोमवारी बाई फडकं घेऊन हजर. कॅसेटींचे अठरा खोके होते. बाईंनी एकेक खोका उघडून पुसला, आणि पुसता पुसता थोडं वरचं खाली केलं, थोडं खालचं वर केलं. खोटं काही घातलं नाही, खरं काही काढलं नाही. पूर्वी एकदा कंपनीत नवा कॅमेरा आला होता, तेव्हा कॅमेरामनने हात बसावा म्हणून महिनाभर शिवणखोलीत चित्रण केलं होतं. त्या कॅसेटी कोणी फेकल्या नव्हत्या. त्या आता प्रत्येक खोक्यात सर्वांत वर आल्या.

चॅनलवाला तरुण होता, घाईत होता, आणि त्याचे बूट गोदामाच्या मानाने फार स्वच्छ होते. अधिकाऱ्यांनी कोपऱ्यात टीव्ही आणि जुना प्लेअर लावून दिला. पहिल्या कॅसेटीत वज्रबाहू हात वर करून पोट आत ओढून उभा, आणि बाईंचा आवाज: "श्वास सोडा. पोट खरं सांगा." चॅनलवाल्याने थोडा वेळ बघितलं. दुसऱ्या खोक्यातली लावली. त्यात पँटची खालची पट्टी शिवून होत होती. पट्टी लांब होती. तिसऱ्यात कर्दनकाळ पाठमोरा उभा राहून जांभया देत होता.

"सगळं असंच आहे का?" त्याने फडकंवाल्या बाईंना विचारलं.

बाईंनी ओठांकडे बोट केलं.

शुक्रवारी लिलावाला तीन माणसं होती. बाई, लोखंडी खांबांसाठी आलेला भंगारवाला, आणि एक गृहस्थ, जे उन्हातून आले होते आणि पंख्याखाली बसले होते. न्हाणीघराच्या गळक्या छतासाठी बाजूला ठेवलेले पैसे बाईंनी पर्समध्ये आणले होते. लॉट चारला त्यांनी बोली लावली. अधिकाऱ्यांनी तीनदा विचारलं. पंख्याखालचे गृहस्थ हलले तेव्हा बाईंनी पर्स घट्ट धरली, पण ते फक्त रुमाल काढत होते.

टेंपो घरासमोर थांबला तेव्हा बाईंचे यजमान पायरीवर बसून पेपर वाचत होते. ते नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दप्तरं लावण्याचं काम केलेलं. बायकोच्या कंपनीला ते "तुमचं ते खोटं-खोटं" म्हणत आणि इतक्या वर्षांत एकही कुस्ती बघायला गेले नव्हते. आधी मशीन उतरलं. ते समजण्यासारखं होतं. मग खोका उतरला. मग दुसरा. बाराव्या खोक्याला त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"अगं, हे काय?"

"इतर," बाई म्हणाल्या.

"आणि न्हाणीघर?"

"छत्री घेऊन जात जा."

यजमान दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. खोक्यांतला गोंधळ त्यांना बघवत नव्हता. एकाही कॅसेटीवर क्रमांक नाही, तारखा उलटसुलट, निम्म्या लेबलांवर तेलाचे डाग. त्यांनी मोठी वही आणली, रेघा आखल्या आणि कामाला बसले. पण नोंद करायची तर आत काय आहे ते बघायला हवं. कंपनीचा प्लेअर इतरमध्ये आलेलाच होता.

आठवड्याभरात बाहेरच्या खोलीतून आवाज यायला लागले.

"हा रेफरी आंधळा आहे का? मागून गळा धरलाय, याचं लक्ष भलतीकडे!"

"त्याला त्याचाच पगार होता," बाई आतून म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. आणि इकडे येऊ नकोस. तू बाहीकडे बघून हसतेस, मला लगेच कळतं कोण हरणार ते."

जेवताना ते भात कालवता कालवता थांबत आणि विचारत, "वज्रबाहूच्या खांद्याला त्या वर्षी खरंच लागलं होतं का गं?" बाई म्हणत, "जेवा." मुखवट्याच्या कुस्तीची कॅसेट त्यांनी सलग चार वेळा लावली. वहीत क्रमांक दोनशे सतरा, पुढे मल्लांची नावं, आणि निकालाच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात: "अनाकलनीय."

सुट्टीला आलेल्या लेकीने वहीतला तो शेरा वाचला, कॅसेट बघितली आणि हसून हसून तिचं पोट दुखलं. कॉम्प्युटरवर उतरवून तिने ती अकरा मिनिटं इंटरनेटवर टाकली. आपल्या आईचा माल आहे, हक्कही आईचे आहेत, अडवणार कोण? पंधरा दिवसांत ती अकरा मिनिटं इतक्या लोकांनी बघितली की लेकीने फोनवर आकडा सांगितला तर यजमानांना वाटलं फोन नंबर सांगतेय.

मग दारात स्वच्छ बूट उभे राहिले.

"कॅसेटींचे मालक इथेच राहतात का?" चॅनलवाल्याने विचारलं, आणि दार उघडणाऱ्या बाईंकडे बघता बघता त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "तुम्ही त्या दिवशी खोके पुसत होता."

"धूळ फार होती."

"त्या कॅसेटी वर कोणी ठेवल्या होत्या?"

"कुठली तरी वर असणारच ना," बाई म्हणाल्या. "बसा. चहा घेता?"

तो बसला. चिडावं की हसावं हे त्याचं ठरत नव्हतं. चहा आल्यावर हसण्याकडे झुकला. त्याला सगळा संग्रह हवा होता. त्याहून जास्त हवा होता एक कार्यक्रम: एवढ्या वर्षांनी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कर्दनकाळाचा मुखवटा काढायचा. "मॅडम, लोक रोज विचारताहेत, आत कोण आहे?"

"ते नाही जमायचं," बाई म्हणाल्या. यजमानांनी वहीतून मान वर केली. नोंदणी कार्यालयात इतकं ठाम 'नाही' त्यांनी ऐकलं नव्हतं.

"निदान त्यांना विचारा तरी," चॅनलवाला म्हणाला.

म्हणून बाई दुसऱ्या दिवशी बसने कर्दनकाळाकडे गेल्या. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीत कुंड्या, आणि तो कुंड्यांना पाणी घालत असलेला. केस पांढरे झाले होते, खांदे तसेच होते. बाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "काळजी करू नका. मी जिवंत आहे तोवर तुमचं नाव बाहेर जाणार नाही."

कर्दनकाळाने झारी खाली ठेवली. "बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा."

"इस्पितळात सगळ्यांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच सोमवारपासून. अकरा मिनिटं मान ओढली होती हो त्याने. मुखवटा निघाला नाही, पण मान आखडली. सोमवारी वाकड्या मानेने वॉर्डात शिरलो. पोरांनी शनिवारी टीव्हीवर कुस्ती बघितलेली. माझ्याकडे बघितलं आणि सगळा वॉर्ड गप्प."

"आणि मग? टोचून घेतलं नाही ना कोणी?"

"रांग लागली. कर्दनकाळाकडून सुई घ्यायची म्हणून. ज्यांना नव्हती लिहून दिली, तेही दंड वर करून उभे. डॉक्टरांना येऊन हाकलावं लागलं."

बाईंना सगळं आठवलं. मेणाचा दोरा, तीन टिपा, मालकांसमोरचं ते मौन, आणि त्यानंतर इतकी वर्षं पोटात ठेवलेलं गुपित. यजमानांनासुद्धा सांगितलं नव्हतं. "मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तोंडात टाचण्या असायच्या," तो ओशाळून म्हणाला. "आणि तुम्ही इतकं मन लावून शिवलं होतं. उगाच कशाला?"

बाईंनी चहा अर्धा ठेवला आणि निघाल्या. स्टॉपवर उभ्या असताना त्यांचा राग टिपेला गेला होता. मग त्यांच्या डोळ्यांसमोर वाकड्या मानेचा कंपाउंडर आला, हातात सिरिंज, पुढे दंडांची रांग. त्या एकट्याच हसायला लागल्या. शेजारची बाई जरा लांब सरकली. बस आली आणि गेली, तरी बाईंचं हसणं आटपेना.

चॅनलवाल्याशी बोलणं चार बैठका चाललं. यजमान वही घेऊन शेजारी बसायचे. कागदातला स्वल्पविराम चुकला तरी सही करू द्यायचे नाहीत. ठरलं ते असं: कॅसेटी दाखवायचा हक्क चॅनलला, दहा वर्षांसाठी. कॅसेटी चॅनलच्या थंड खोलीत नीट राहतील. पात्रांची नावं, मुखवटे आणि झगे मात्र बाईंचे. आणि कर्दनकाळाचा मुखवटा कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने काढायचा नाही.

"हे कलम घालायचं तर गुपित खरंच गुपित हवं," चॅनलवाला म्हणाला. "तो कोण होता, हे किती जणांना माहीत आहे?"

बाईंनी एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणला. मग त्यातल्या खाटा, मग खाटांमागे गेलेली वर्षं, मग त्या पोरांचे आईबाप.

"मोजकेच," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मी काही मोजलेले नाहीत."

त्याने ते शब्दशः लिहून घेतलं. पुढे जाहिरातीतही वापरलं.

पहिल्या हप्त्यात न्हाणीघराचं छत झालं. खोके गेले तेव्हा यजमानांनी प्रत्येकावर हाताने लेबल लावलं आणि नंतर चार दिवस मोकळ्या खोलीतून उगाच येरझारा घातल्या. अखेर चॅनलने त्यांनाच दर गुरुवारी थंड खोलीत यादी तपासायला बोलावलं. ते स्वेटर घालून जातात.

बाईंना दुसराच चाळा लागला. नावं त्यांची, मुखवटे त्यांचे, मशीन घरात, खोके गेलेल्या खोलीत. त्यांनी जुन्या मल्लांना एकेक फोन केला. वज्रबाहूचे गुडघे वाकत नव्हते. कर्दनकाळाला मागून गळा धरायचा तर समोरच्याला आधी थोडं थांबावं लागणार होतं. तरी सगळे हो म्हणाले. एका शाळेचं सभागृह रविवारपुरतं मिळालं. रिंग भंगारवाल्याकडून परत भाड्याने घेतली. त्याने खांब विकले नव्हते, कोणी घेतलेच नव्हते. आणि या वेळी निकालाची डायरी बाईंच्या पिशवीत होती.

यजमानांनी आठवडाभर त्या डायरीचा माग काढला. सोमवारी सहज विचारलं. बुधवारी भांडी घासून दिली आणि मग विचारलं. शुक्रवारी सरळ म्हणाले, "हे बघ, मी संग्रहाचा नोंदणीकार आहे. अधिकृत माणसाला कळायला नको?"

"अजून भात वाढू?"

"मला फक्त एवढंच सांग, वज्रबाहूचं काय?"

"लोणचं संपलंय," बाई म्हणाल्या.

रविवारी यजमान पहिल्या रांगेत बसले. सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. बरेच जण तिशी-चाळिशीचे होते, आणि कर्दनकाळ आत आला तेव्हा त्यांनी शिव्या घालायच्या सोडून दंड वर केले. हे यजमानांना समजलं नाही, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, शेजारी नुसता हसला. मग कुस्ती सुरू झाली आणि त्यांना विचारायला वेळ उरला नाही. रेफरीने भलतीकडे बघितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्यांविषयी, मग शिक्षणाविषयी, मग नेमणुकीविषयी शंका काढल्या, सगळ्या खणखणीत आवाजात. वज्रबाहू आडवा झाला तेव्हा त्यांनी फेरमोजणीची लेखी मागणी करायची म्हणून खिसे चाचपले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता. काहीतरी विचारायला ते तीनदा शिवणखोलीच्या दारात आले, हातवारे केले, परत गेले. बाईंनी मान वर केली नाही. घरात कित्येक महिन्यांनी इतकी शांतता होती, आणि दुपारच्या चहाआधी त्यांचे चार झगे शिवून झाले.